संगणकाचा कारभारी : व्यापारी प्रणाली व मुक्त प्रणाली

ज्या ज्या संस्थेजवळ दहा-वीस संगणक आहेत, तिच्यापुढे आज एक प्रश्न उभा आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘विंडोज १०’ ह्या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. तिच्या जागी ‘विंडोज ११’ बसवावयाची, तर यंत्रात ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर, किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय असावी लागते. २०१७ पूर्वी घेतलेली बहुतेक यंत्रे ह्या अटींत बसत नाहीत. शाळांना व धर्मादाय संस्थांना देणगीदाखल मिळणारी यंत्रे बहुधा अशीच जुनी असतात. पडदा उजळ आहे, कळफलक चालतो आहे, मुले रोज बसताहेत. आणि तरीही यंत्र कालबाह्य ठरले!

ही यंत्रे भंगारात घालावीत, लोकांच्या वर्गणीतून नवी घ्यावीत, की त्यांतच दुसरी प्रणाली बसवावी? उत्तर देण्यापूर्वी दोन्ही बाजू नीट समजून घेणे इष्ट आहे. त्या सोप्या भाषेत मांडाव्यात, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रचालन-प्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र म्हणजे एक मोठा वाडा समजा. त्यात कोठी आहे, मुदपाकखाना आहे, नोकरचाकर आहेत. परंतु कोणी कोणते काम केव्हा करावे, कोठीची किल्ली कोणास द्यावी, हे पाहणारा कारभारी नसेल तर वाडा चालत नाही. हा कारभारी म्हणजेच प्रचालन-प्रणाली, इंग्रजी नावाने ऑपरेटिंग सिस्टिम. कळफलकावर बोट पडले की अक्षर कोठे उमटावे, छपाईयंत्राकडे कागद केव्हा पाठवावा, एकाच वेळी चार कामे चालू असता प्रोसेसरचा वेळ कोणास किती द्यावा, एकाची फाईल दुसऱ्यास उघडता यावी की नाही, हे सारे तोच ठरवतो. पत्र लिहिण्याचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम यंत्राशी परस्पर बोलत नाही. त्याला जे हवे ते तो कारभाऱ्याकडे मागतो. म्हणूनच एका प्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर सहसा तसाच चालत नाही. कारभारी बदलला की हाताखालची काही माणसेही बदलावी लागतात, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आता दुसरी एक कल्पना समजून घेऊ. प्रोग्राम लिहिणारा तो माणसास वाचता येईल अशा संगणकीय भाषेत लिहितो. ह्यास मूळ संहिता म्हणतात. मग तिचे रूपांतर यंत्राला कळणाऱ्या शून्य-एकच्या मालिकेत होते. ह्या मालिकेवरून मूळ संहिता पुन्हा शोधून काढणे फार अवघड. हकिमाचा नुस्खा आणि हकिमाची पुडी ह्यांत जो फरक, तोच येथे आहे. पुडी घेतली की गुण येईल. पण तीत काय आहे हे कळणार नाही, आणि ती संपली की हकिमाच्याच दारी जावे लागेल. नुस्खा हाती असेल तर दुसरा जाणकार तो वाचील, चूक असल्यास सुधारील, आणि गावातही पुडी बांधता येईल. व्यापारी प्रणाली आपल्याला पुडी देते. मुक्त प्रणाली पुडीबरोबर नुस्खाही देते.

व्यापारी प्रणालीची वाट

बिल गेट्स व पॉल ॲलन ह्यांनी १९७५ साली मायक्रोसॉफ्ट स्थापन केली. त्या काळी हौशी मंडळी प्रोग्रामच्या प्रती एकमेकांस सहज वाटत. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स ह्यांनी ह्या मंडळींस एक उघडे पत्र लिहून विचारले की, यंत्राचे पैसे देता, मग प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या श्रमाचे का देत नाही? हा सवाल खोटा नव्हता. श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. १९८१ साली आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकाबरोबर मायक्रोसॉफ्टची ‘डॉस’ प्रणाली बाजारात आली आणि १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती निघाली. पुढे घरोघरी, कचेरीकचेरीत जे यंत्र गेले, त्यात बहुतेक हीच प्रणाली होती.

तिचे गुण मान्य केले पाहिजेत. छपाईयंत्र, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, असे काहीही जोडा; बनवणाऱ्याने विंडोजचा विचार आधी केलेला असतो. तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारा मुलगा तीच शिकलेला असतो. आपल्याकडे हिशेबासाठी सर्रास वापरला जाणारा बंगळूरचा ‘टॅली’ हा प्रोग्राम तिच्यासाठीच लिहिलेला आहे. उर्दू छपाईत रूढ असलेला ‘इनपेज’ आणि कन्नडसाठी कचेऱ्यांत वापरला जाणारा ‘नुडी’ हेही विंडोजवरच रुळलेले आहेत.

परंतु तिच्या परवान्याचे स्वरूप नीट ध्यानात घ्यावे. पैसे देऊन आपण प्रणालीचे मालक होत नाही. एका यंत्रावर, लिहिलेल्या अटींवर, तिचा वापर करण्याची परवानगी तेवढी मिळते. देखभाल कधी थांबवावयाची, पुढच्या आवृत्तीस कोणते यंत्र चालेल, हे कंपनी ठरवते. भाडेकरूला घर कितीही आवडले, तरी भाडेपत्राची मुदत त्याच्या हातची नसते.

मुक्त प्रणालीची वाट

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामकार होते. तेथील छपाईयंत्रात कागद अडकत असे. जुन्या यंत्राची संहिता हाती असल्यामुळे त्यांनी तीत अशी भर घातली होती की कागद अडकताच वापरणारांस सूचना मिळावी. पुढे नवे यंत्र आले. त्याची संहिता मागितली असता मिळाली नाही. ती ज्याच्यापाशी होती, त्याने ती कोणास न देण्याचा करार केलेला होता. क्षुल्लक वाटणाऱ्या ह्या अडचणीतून स्टॉलमन ह्यांनी मोठा प्रश्न उचलला : आपल्या पुढ्यातील यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला असावा की नाही? सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ ह्या संपूर्णपणे मुक्त प्रणालीची घोषणा केली.

ह्या प्रणालीचे बरेच भाग तयार झाले, पण तिचा गाभा अपुरा होता. तो भाग दुसऱ्याच टोकाकडून आला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टॉरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण प्रणालीचा गाभा लिहीत असल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी तो ‘जीपीएल’ ह्या स्टॉलमन ह्यांच्या परवान्याखाली सर्वांस दिला. ह्या गाभ्याचे नाव ‘लिनक्स’. ग्नूचे भाग व लिनक्सचा गाभा एकत्र बांधून डेबियन, उबंटू, मिंट अशा अनेक प्रणाली निघाल्या. ‘मुक्तस्रोत’ अशा अर्थाचे ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ पासून रूढ झाले.

हे सारे दूरचे वाटेल. पण आपल्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभा लिनक्सच आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवाचून दुसरी प्रणाली नाही. लिनक्स परकी म्हणून घाबरणारा मनुष्य रोज सकाळी उठल्याबरोबर तीच हातात घेतो!

न्यासपत्राचा दाखला

आता आपल्या सभासदांना सहज पटेल असा दाखला देतो. ट्रस्टची जमीन विश्वस्त सांभाळतात, तिच्यावर खोल्या वाढवतात, तिचा लाभ लोकांस देतात. परंतु ‘ही माझी’ म्हणून ती कोणास विकता येत नाही. न्यासपत्र तसे बांधून ठेवते. वक्फनाम्याचाही मतलब हाच. ‘जीपीएल’ हा परवाना म्हणजे संहितेचे न्यासपत्र होय. तो वापरणाऱ्यास चार हक्क देतो : प्रोग्राम कोणत्याही कामी वापरावा, तो कसा चालतो हे पाहून त्यात बदल करावा, त्याची प्रत शेजाऱ्यास द्यावी, आणि आपण सुधारलेली प्रतही द्यावी. ह्या हक्कांसोबत एक बंधनही येते. सुधारलेली प्रत दुसऱ्यास द्यावयाची, तर तिचा नुस्खा व हेच चार हक्क तिच्याबरोबर दिले पाहिजेत. समाईक विहिरीत पायऱ्या बांधा, रहाट बसवा, पण तिला कुलूप लावू नका, असा त्याचा अर्थ.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. बहुतेक लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळतात हे खरे. पण नुस्खा उघडा असला तरी हकिमास फी घेता येते. ‘रेड हॅट’ ही कंपनी लिनक्सची सेवा व देखभाल विकून मोठी झाली, आणि २०१९ साली आयबीएमने तिला ३४ अब्ज डॉलरांस विकत घेतले. तेव्हा गेट्स ह्यांच्या १९७६ च्या प्रश्नास एक उत्तर असेही मिळाले की, संहितेस कुलूप न लावताही श्रमाचे मोल मिळू शकते. फरक एवढाच की सेवा आवडली नाही तर गिऱ्हाईक दुसरा हकीम गाठू शकते.

सुरक्षितता कोणाची अधिक?

बिदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील करेझ आहे. जमिनीखालून पाणी वाहते आणि वर ठिकठिकाणी उभी विवरे ठेवलेली आहेत. कोठे गाळ साचला तर माणूस विवरातून उतरून पाहू शकतो. मुक्त संहिता ही करेझसारखी आहे, व्यापारी संहिता ही बंद नळासारखी. परंतु विवर आहे म्हणजे कोणी उतरतेच असे नाही! ‘ओपनएसएसएल’ ह्या मुक्त प्रोग्राममधील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष सुमारे दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही. तो एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. जगभरच्या असंख्य संकेतस्थळांची गुपिते ज्यावर अवलंबून, त्या प्रोग्रामची देखभाल मोजकी माणसे करीत होती.

उलट मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ ह्या मुक्त प्रोग्राममध्ये कोणी मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा तो सर्वत्र पसरण्यापूर्वीच पकडला गेला. यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, ह्या कुतूहलाने आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने संहिता उघडून पाहिली. हा अभियंता मायक्रोसॉफ्टच्याच नोकरीत होता. विवर उघडे होते, म्हणून त्याला उतरता आले.

व्यापारी बाजूचा अनुभवही पाहू. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ ह्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील विंडोज यंत्रे बंद पाडली. इंग्लंडमधील रुग्णालयांचे काम खोळंबले. त्या दोषावरील इलाज मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता, त्यांना झळ पोहोचली. ह्या सर्वांवरून बोध एकच : प्रणाली कोणतीही असो, वेळच्या वेळी दुरुस्त्या न घेणारे यंत्र असुरक्षित असते. आणि देखभाल संपलेल्या प्रणालीस दुरुस्त्या मिळतच नाहीत. जुनी यंत्रे तशीच चालू ठेवू, हा पर्याय म्हणूनच सर्वांत वाईट आहे.

आपल्या तीन लिपी

आपल्या मुलांचे जग तीन लिप्यांचे आहे. घरी मराठी, शाळेत कन्नड, अनेक घरांत उर्दू. पूर्वी प्रत्येक कंपनीचे टंक आपापल्या गुप्त सांकेतिक पद्धतीने चालत. मराठी अक्षराच्या मागे प्रत्यक्षात रोमन अक्षराचा क्रमांक असे. तो टंक ज्या यंत्रात नाही, तेथे मजकूर उघडला की निरर्थक चिन्हांची रास दिसे. आजही कित्येक संस्थांचे जुने अहवाल व सभासद-याद्या अशा अवस्थेत पडून आहेत. युनिकोड ह्या जागतिक संकेताने ही अडचण दूर केली. आज विंडोज व लिनक्स दोन्हींवर मराठी, कन्नड व उर्दू लिहिता-वाचता येते. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकही दोन्हींवर आहे. ह्या बाबतीत कोणी मागे नाही.

तथापि लहान भाषेच्या बारीक गरजांची काळजी कोण घेतो, हा प्रश्न उरतो. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ ह्या दोन शब्दांतील फरक मराठी माणसास प्राणाइतका प्रिय. परक्या टंककारास तो ठाऊकही नसतो. मराठी ‘ल’ व ‘श’ ह्यांचे वळणही हिंदी छापाहून निराळे. मुक्त ‘लोहित’ टंकमालेत ह्यासाठी मराठीचा टंक एके काळी वेगळा ठेवलेला होता, आणि ह्या टंकमालेचा सांभाळ रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी केला. उर्दूच्या नस्तालीक लेखनासाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा मुक्त टंक उपलब्ध आहे. व्यापारी कंपनी आपले ऐकेल तर उत्तमच. परंतु भाषकांची संख्या पाहून तिला हिशेब करावा लागतो. मुक्त प्रणालीत आपल्यातलाच एखादा होतकरू तरुण दुरुस्ती करून पाठवू शकतो. सीमाभागातील भाषकास ह्या हक्काचे मोल अधिक सांगावयास नको.

इतरांचे अनुभव

केरळ राज्याने सरकारी शाळांसाठी मुक्त प्रणालीचा मार्ग धरला. २०१९ साली ‘काईट’ ह्या तेथील सरकारी संस्थेने उबंटूवर आधारलेली नवी आवृत्ती दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी दिली, आणि त्यामुळे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील असा अंदाज त्या वेळी जाहीर झाला. ह्या यशात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वाटा मोठा आहे, हे विसरता कामा नये. केंद्र सरकारनेही २०१५ साली आपल्या कामकाजात मुक्तस्रोत प्रोग्रामांस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या ‘सी-डॅक’ संस्थेने डेबियनच्या पायावर ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणालीही काढली आहे.

जर्मनीतील म्युनिक शहराचा अनुभव मात्र मिश्र आहे. २००३ साली निर्णय घेऊन त्या नगरपालिकेने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले. पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, इतर कचेऱ्यांशी कागदपत्रांची देवघेव आणि बदललेले राजकारण ह्यांमुळे २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरले. २०२० साली नव्या सत्ताधाऱ्यांनी पुन्हा मुक्त प्रणालीस अनुकूल करार केला. केवळ यंत्रात बदल करून भागत नाही, माणसांची तयारी करावी लागते, हा ह्यातील धडा.

चोरट्या प्रतीविषयी

एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. परवान्याचा खर्च टाळण्यासाठी पुष्कळ ठिकाणी विंडोजची चोरटी प्रत बसवली जाते आणि कोणास त्यात वावगे वाटत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे जाणूनबुजून अशी प्रत संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायदा बाजूस ठेवला, तरी ज्या खोलीत मुलांस सचोटी शिकवावयाची, त्या खोलीतील प्रत्येक यंत्र चोरीच्या मालावर चालावे, हे धर्मादाय संस्थेस शोभत नाही. शिवाय अशा प्रतींतून विषारी प्रोग्राम यंत्रात शिरण्याचा धोका असतो तो वेगळाच. परवडत असेल तर परवाना घ्यावा. परवडत नसेल तर जी वस्तू देणाऱ्यानेच सर्वांस खुली केली आहे ती घ्यावी. तिसरी वाट धरण्याचे आता कारण उरलेले नाही.

मग आपण काय करावे?

एकाच प्रणालीचा हट्ट धरू नये, कामाप्रमाणे निवड करावी, असे माझे मत आहे.

कचेरीतील ज्या यंत्रावर टॅलीचा हिशेब चालतो, अथवा ज्यावर सरकारी कामासाठी विंडोजचाच प्रोग्राम लागतो, तेथे रीतसर परवान्याची, देखभाल चालू असलेली विंडोज ठेवावी. ह्या खर्चात काटकसर करू नये.

विद्यार्थ्यांच्या वापराच्या यंत्रांवर लिनक्स बसवावी. लेखन, आलेख, चित्रकला, गणित, टंकलेखन, महाजालावरील वाचन, प्रोग्राम लिहिण्याचे शिक्षण, ह्या सर्वांस लागणारी साधने तेथे आहेत. जुन्या, कमी स्मृतीच्या यंत्रांसाठी ‘झुबुंटू’सारख्या हलक्या आवृत्त्या निघतात. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची देखभालही साधारण पाच वर्षांनी संपते हे खरे. पण पुढची आवृत्ती घेण्यास परवान्याचा पैसा पडत नाही.

बदल करण्यापूर्वी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. यंत्रातील विंडोजला त्यामुळे धक्का लागत नाही. छपाईयंत्र चालते का, आवाज येतो का, मराठी, कन्नड व उर्दू नीट उमटतात का, हे आधी एका यंत्रावर तपासावे. सर्व कागदपत्रांची प्रत बाहेर काढून ठेवल्याशिवाय काहीही पुसू नये.

संस्थेचे दप्तर ह्यापुढे युनिकोडमध्येच लिहावे. प्रणाली येतील व जातील. सभासदांची यादी आणि वर्गणीची नोंद पन्नास वर्षांनीही वाचता आली पाहिजे.

आणि शेवटची, परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट. परवान्याच्या वाचलेल्या रकमेतून गावातील दोन मुलगे व दोन मुली ह्यांना लिनक्स बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण द्यावे. एका परवान्याची आजची किंमत दुकानात विचारावी, तिला यंत्रांच्या संख्येने गुणावे, आणि येणारा आकडा सभेपुढे ठेवावा. तो पैसा दूरच्या कंपनीस द्यावा, की आपल्या मुलांच्या हातच्या कसबात घालावा, हा निर्णय सभासदांनी करावयाचा आहे. यंत्र पाच-दहा वर्षांत झिजते. शिकलेला हात झिजत नाही, तो आणखी चार हात तयार करतो. पुढील सर्वसाधारण सभेत ह्या विषयाचा विचार व्हावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.